फुरसे किती विषारी?

शिक्षकांच्या शिबिरात सापांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ‘सगळ्यात विषारी साप कोणता?’ प्रश्न सोपा वाटतो आणि उत्तरेही लगेच येतात. कोणी नाग म्हणते, कोणी मण्यार. वाचन थोडे जास्त असलेला एखादा विद्यार्थी ऑस्ट्रेलियातल्या सापाचे नाव घेतो. कोकणातल्या शाळेत मात्र मागच्या बाकावरून ठाम आवाज येतो, “फुरसं!”

या उत्तराला आपण सहसा हसतो. वीतभर लांबीचा मातकट साप तो, त्याचे नागापुढे काय? पण प्रश्न नीट उलगडला तर मागच्या बाकावरचा मुलगा चुकलेला नाही असे दिसते. मुळात ‘किती विषारी’ या एका प्रश्नात अनेक प्रश्न दडलेले आहेत. विषाचा एक थेंब किती घातक? चावताना किती विष आत जाते? तो साप माणसाच्या वाटेत किती वेळा येतो? चावल्यावर मृत्यू लगेच येतो की चार दिवसांनी? या प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे फुरशाविषयी दोनशे वर्षे उलटसुलट बोलले गेले. ती गल्लत हळूहळू कशी सुटत गेली, याचा हा इतिहास आहे.

आधी ओळख करून घेऊ

फुरसे हा घोणसाच्याच कुळातला साप. कोकणात ते साधारण फूटभर लांबीचे आढळते. राजस्थान, कच्छ आणि त्यापलीकडच्या कोरड्या मुलखातली फुरशी याहून बरीच मोठी होतात. रंग मातीचा, पाठीवर फिकट ठिपक्यांची माळ, कुशीवर नागमोडी रेघ आणि डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. डोळे मोठे आणि बाहुली उभी, कारण प्राणी निशाचर आहे.

त्याची खरी ओळख कुशीवरच्या खवल्यांत आहे. तिथल्या काही ओळींतले खवले तिरके असतात आणि प्रत्येक खवल्याच्या मधल्या कण्याला करवतीसारखे दाते असतात. भ्यालेले फुरसे अंगाची एकात एक वेटोळी करते आणि ती एकमेकांवर घासत राहते. त्यातून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा खरखरीत आवाज निघतो. इतर बहुतेक साप फुसकारतात, म्हणजे जोराने श्वास सोडतात. श्वासाबरोबर शरीरातली वाफही बाहेर जाते. कोरड्या मुलखातल्या प्राण्याला पाण्याची ही उधळपट्टी परवडत नसावी, म्हणून फुरशाने अंग घासून आवाज काढण्याची युक्ती साधली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क पटण्यासारखा असला तरी तो तर्कच आहे, हेही मुलांना सांगावे.

चाल अशीच वाळवंटी. भुसभुशीत वाळूवर सरळ सरपटताना अंग घसरते. म्हणून फुरसे अंगाचा काही भाग जमिनीला टेकवून उरलेला उचलते आणि तिरके पुढे टाकते. मागे वाळूवर वेगवेगळ्या तिरक्या रेघा उमटतात.

आहारात विंचू, गोमा, किडे, पाली, बेडूक आणि लहान उंदीर येतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुरशाच्या प्रजातीतल्या निरनिराळ्या जातींची तुलना केली होती. ज्या जातींच्या आहारात विंचवासारखे प्राणी जास्त, त्यांचे विष विंचवांवर जास्त प्रभावी असल्याचे तिच्यात आढळले. म्हणजे हे विष माणसासाठी घडलेले नाही. ते भक्ष्यासाठी आहे आणि आपण मधे पाय टाकतो.

आणखी एक गोष्ट. आफ्रिकेतले फुरशाचे अनेक भाऊबंद अंडी घालतात, आपल्याकडचे फुरसे मात्र थेट पिल्ले देते. एका वेळी बहुधा चार ते आठ पिल्ले होतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल.

वाळवंटातला साप पावसाच्या मुलखात

फुरशाचा मुलूख इराण, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानापासून राजस्थान, गुजरातमार्गे दक्षिण भारत आणि श्रीलंकेपर्यंत पसरला आहे. नकाशावर हे पट्टे रंगवले तर बहुतेक ठिकाणी रुक्ष, उघडी, खडकाळ जमीन येते. मग त्यात रत्नागिरी कशी? तिथे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो!

याचे उत्तर जांभ्यात आहे. कोकणातल्या सड्यांवर माती फार थोडी आणि खाली जांभ्याचा कातळ. पावसाचे पाणी काही वाहून जाते, काही भेगांतून खाली उतरते. पावसाळ्याचे चार महिने संपले की तोच सडा आठ महिने रखरखीत. झाडाची सावली नाही, दगड तापलेले, खाली भेगा आणि कपारी. पावसाचा आकडा जंगलाचा असला तरी जमीन अर्ध्या वाळवंटासारखी वागते. दगडाच्या सपाट तुकड्याखाली फुरशाला गारवा मिळतो, विंचू आणि पालीही तिथेच सापडतात. प्राण्याला सरासरी पाऊस कळत नाही. त्याला कळतो तो आपल्या पोटाखालचा दगड. भूगोलाच्या तासाला हे उदाहरण जरूर वापरून पाहावे.

आणि माणूसही याच दगडांशी जोडलेला. गडगा रचणे, गवत कापणे, पातेरा गोळा करणे, चिरेखाणीत काम, आंब्याची राखण. हात आणि पाय सतत दगडाशी. काळोखात अनवाणी चालणारा माणूस आणि मातीच्या रंगाचा, पळून जाण्याऐवजी जागच्या जागी वेटोळे करून बसणारा साप. यातून जे व्हायचे तेच होत आले.

पुस्तकातली पहिली नोंद

भारतातल्या सापांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सुरू केला त्यांत पॅट्रिक रसेल हे नाव महत्त्वाचे. हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोरोमंडल किनाऱ्यावर होता. कोणते साप विषारी आणि कोणते बिनविषारी हे ओळखायचे कसे, या व्यावहारिक प्रश्नाने त्याला पछाडले होते. लोक एकाच सापाला निरनिराळी नावे देत, आणि गोरे लोक सगळ्याच सापांना घाबरत. रसेलने साप गोळा केले, त्यांचे दात पाहिले, खवले मोजले आणि कुत्री, कोंबड्या अशा प्राण्यांवर विषाचे प्रयोगही केले. १७९६ साली त्याचा रंगीत चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तमिळ मुलखातल्या अरणीजवळचा एक लहान साप ‘होरट्टा पाम’ या नावाने आहे. तेच आपले फुरसे.

पुढे १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ श्नायडर याने त्याला शास्त्रीय नाव दिले आणि १८२० मध्ये मेरेमने ‘एकिस’ ही प्रजाती वेगळी केली. आजचे नाव ‘एकिस कॅरिनाटस’. पहिला शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ विषारी साप. दुसऱ्याचा अर्थ ‘कणा असलेला’. नाव ठेवतानाच खवल्यांवरच्या कण्याकडे लक्ष गेले होते.

पण नाव मिळाले म्हणजे ओळख पटली असे नाही. चावल्यावर काय होते, किती जण दगावतात, का दगावतात, हे पुस्तकात नव्हते. ते कोकणातल्या वाड्यावस्त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

मेलेली फुरशी मोजणारे सरकार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज सरकारने सर्पदंशाच्या प्रश्नावर सरळसोट उपाय काढला : साप मारून आणा, बक्षीस घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांसाठी हे बक्षीस जाहीर झाले. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठवड्याभराच्या सुमारास एक लाखाहून अधिक फुरशी लोकांनी मारून आणली! बक्षीस चालू होते त्या सहा वर्षांची सरासरी वर्षाला २,२५,७२१ अशी नोंदलेली आहे. सहाने गुणले तर साडेतेरा लाखांच्या वर आकडा जातो.

हा आकडा वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांना विचारावे, यातून काय कळते? पहिले उत्तर येईल, ‘फुरशी खूप होती.’ बरोबर. दुसरे येईल, ‘मग ती संपली असतील.’ इथे थांबायला हवे. मारलेले साप मोजले, उरलेले कोणी मोजले? सरासरी सांगितली की पहिल्या वर्षी किती आणि सहाव्या वर्षी किती, हे झाकले जाते. आकडे दरवर्षी उतरत गेले असतील तर एक अर्थ, तसेच राहिले असतील तर अगदी उलट अर्थ. शिवाय मादी एका खेपेला चार-आठ पिल्ले देते, कातळाला कपारी अगणित आहेत आणि लोक साप शोधणार ते वाटेच्या आसपासच. दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्याच सड्यांवर दगड उलटला की फुरसे दिसते, ही साक्ष पुरेशी बोलकी आहे.

आणि मूळ प्रश्न साप किती हा नव्हताच. माणसे किती मरतात हा होता. त्याचे उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न जोसेफ फेअरर या डॉक्टरने केला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या अनेक प्रांतांतून त्याने माहिती मागवली. १८६९ या एका वर्षात ११,४१६ मृत्यूंची नोंद त्याच्या हाती आली, तीही अर्धवट भूभागातली. १८७२ मध्ये त्याचा भारतातल्या विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि त्यात फुरशाला घातक सापांच्या पंक्तीत जागा मिळाली.

‘मरत नाही’ की ‘लगेच मरत नाही’?

तरीही वाद मिटला नाही. १८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. या संस्थेच्या नियतकालिकात १८९० साली व्हिडल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने उत्तर कानडा जिल्ह्यातल्या विषारी सापांवर टिपण लिहिले. व्हिडलला दक्षिण कोकण चांगले परिचयाचे होते, तिथल्या पक्ष्यांची यादीही त्याने केली होती. त्याच्या टिपणाच्या शीर्षकातच फुरशाच्या ‘म्हटल्या जाणाऱ्या’ प्राणघातकतेचा उल्लेख आहे. म्हणजे फुरसे खरेच माणूस मारते का, हा प्रश्न तेव्हाही उघडा होता.

तो उघडा राहण्याचे कारण साधे होते. नागाच्या दंशात विष पुरेसे गेले तर स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो आणि काही तासांत सगळे संपते. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी दिसतात. फुरशाचे तसे नाही. चावलेली जागा सुजते, ठणकते. रात्र जाते, माणूस बोलतो, चालतो, पेजही पितो. घरच्यांना हायसे वाटते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागते, लघवी लाल होते. काहींच्या पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. मृत्यू आलाच तर तो दंशानंतर कित्येक दिवसांनी येतो, आणि तोवर दंशाची गोष्ट मागे पडलेली असते.

मांत्रिकाची कीर्तीही इथूनच वाढते. फुरसे चावलेली बरीच माणसे उपचार न करताही वाचतात, कारण प्रत्येक दंशात घातक मात्रा जात नाही. मांत्रिकाकडे गेलेल्या दहांपैकी सात-आठ घरी चालत परतले तर यश मंत्राचे. उरलेले दोन-तीन चार दिवसांनी गेले तर दोष नशिबाचा. मंत्राशिवाय किती वाचले असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रयोगात तुलनेचा गट का ठेवतात, हे समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

रक्ताचे नेमके काय होते?

जखम झाली की रक्त गोठते. रक्तात प्रोथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन असते, गरज पडताच त्याचे थ्रॉम्बिन होते. थ्रॉम्बिन दुसऱ्या एका प्रथिनाचे, फायब्रिनोजेनचे, धागे विणते. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते.

फुरशाच्या विषातला एक घटक प्रोथ्रॉम्बिनवर थेट काम करतो आणि जखम नसतानाही त्याचे थ्रॉम्बिन करत सुटतो. १९७५ साली तो वेगळा करून दाखवला गेला. प्रजातीच्या नावावरून त्याला ‘इकारिन’ म्हणतात. मग प्रश्न पडतो, विष जर रक्त गोठवते, तर रोग्याला रक्तस्राव का होतो?

समजा वाडीत एकच हौद आहे. कोणी तरी रात्रभर ‘आग, आग’ अशी खोटी हाकाटी करत राहिले आणि लोक दर वेळी हौदातले पाणी ओतत राहिले, तर पहाटे खरी आग लागेल तेव्हा हौद कोरडा असेल. शरीरात हेच घडते. जागोजागी बारीक जाळी विणण्यात फायब्रिनोजेन संपून जाते. त्यात विषातले दुसरे घटक बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या करतात. मग जिथे फट पडेल तिथून रक्त झिरपते, आणि ते थांबवायला धागा उरलेला नसतो.

हे कळल्यावर एक अतिशय स्वस्त तपासणी शक्य झाली. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले, तर विष काम करते आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्ताची गोठण्याची क्रिया सुरू होते. वीज नाही, यंत्र नाही, तरी खेड्यातल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी होऊ शकते. ‘रोगी बोलतो आहे, चालतो आहे, म्हणजे बरा आहे’ या शतकानुशतकांच्या फसगतीवर ही एक काचेची नळी उत्तर देते.

उतारा, पण कोणत्या विषाचा?

१८९४ साली फ्रान्समध्ये काल्मेत आणि इतरांनी दाखवून दिले की, थोडे थोडे विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विषाला निष्प्रभ करणारे घटक तयार होतात. हेच प्रतिविष, ज्याला आपण बोलीत ‘सापाची लस’ म्हणतो. नागाच्या विषावर तयार केलेला हा रक्तद्रव सगळ्याच सापांवर चालेल अशी सुरुवातीला आशा होती. मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे १९२५ मध्ये जिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले त्या परळच्या संस्थेत, जॉर्ज लॅम्ब याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोग केले. नागाचा उतारा घोणसाच्या विषावर चालत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. कुलूप वेगळे तर किल्ली वेगळी.

त्यातून पुढचा मार्ग निघाला. भारतात बहुतेक घातक दंश ज्यांचे असे मानले गेले त्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची विषे घोड्यांना टोचून एकत्रित प्रतिविष बनवायचे. म्हणजे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कसौली आणि हाफकिन या दोन्ही संस्थांत हे काम उभे राहिले. ज्या फुरशाला बक्षीस लावून मारले जात होते, त्याला आता जिवंत पकडण्याचे मोल आले!

१९७८ साली तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था सुरू झाली. देशातल्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तिथून येत राहिला. साप पकडायचा, काही वेळा विष काढायचे आणि परत सोडायचा, अशी ही पद्धत.

मात्र इथे एक नवा प्रश्न उभा राहतो. तमिळनाडूतले फुरसे आणि थरच्या वाळवंटातले मोठे फुरसे यांची विषे सारखीच आहेत का? वायव्येकडच्या फुरशाला १९६९ साली वेगळी उपजाती म्हणून नाव मिळाले. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये थर भागातल्या त्याच्या गंभीर दंशांकडे पुन्हा लक्ष वेधले. अलीकडच्या वर्षांत भारतीय संशोधकांनी दाखवले आहे की, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलू शकते, आणि म्हणून एका भागातल्या विषावर बनवलेले प्रतिविष दुसरीकडे कमी पडू शकते. लॅम्बचा धडा पुन्हा एकदा, अधिक बारकाईने गिरवावा लागतो आहे.

याच विषाने औषधशास्त्रालाही हात दिला. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांचा परिणाम मोजायला इकारिन वापरतात. विषातल्या ‘एकिस्टॅटिन’ या दुसऱ्या घटकाच्या रचनेवरून ‘टिरोफिबॅन’ हे औषध घडवले गेले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातल्या चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ते देतात. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आता माणसे मोजू या

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज दिला आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. सरकारी दवाखान्यांतल्या नोंदी याच्या पासंगालाही पुरत नव्हत्या, कारण मरणारे बहुतेक खेड्यातले आणि अनेक तर दवाखान्यापर्यंत पोचलेच नव्हते. म्हणून या अभ्यासात घरोघर जाऊन मृत्यूंची चौकशी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

१८६२ मध्ये आपण मेलेले साप मोजत होतो, आता मेलेली माणसे मोजायला शिकलो आहोत. ही प्रगती खरी, पण शाळेचे काम त्यापुढचे आहे. फुरशाच्या मुलखातल्या प्रत्येक मुलाला चार गोष्टी पाठ हव्यात. काळोखात पायात वहाण आणि हातात उजेड हवा. दगड आणि पातेरा हाताने नव्हे, काठीने हलवावा. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काही करू नये. आणि चावलेला भाग स्थिर ठेवून, धीर देत, रोग्याला थेट दवाखान्यात न्यावे. पाचवी गोष्ट खास फुरशाची : रोगी हसतबोलत असला तरी न्यावेच, आणि डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी आणू नये.

मग फुरसे किती विषारी? थेंबाला थेंब लावून पाहिले तर त्याच्याहून जहाल साप आहेत. पण ते आपल्या गडग्यात राहते, आपल्या पायाशी बसते, आणि चावल्यावर ‘काही झाले नाही’ असे आपल्याला वाटू देते. मागच्या बाकावरच्या मुलाला हे अनुभवाने ठाऊक असते. पुढच्या वेळी त्याने हात वर केला तर त्याला फळ्याजवळ बोलवावे. त्याच्या वाडीत कोणाला, कधी, कुठे फुरसे चावले आणि पुढे काय झाले, हे त्याला सांगू द्यावे. मग सगळ्या वर्गाने मिळून तशी नोंदवही सुरू करावी. दोनशे वर्षांच्या इतिहासात ज्या नोंदी राहून गेल्या त्या याच होत्या.